काळ्या पाषाणाची पाहणी

सन २००४ च्या फेब्रुवारी महिन्यात, मंगळ ग्रहावरील गुसेव्ह नामक विस्तीर्ण विवरात उतरलेल्या 'स्पिरिट' या सहा चाकांच्या स्वयंचलित रोव्हरने समोरच्या एका पाषाणावर आपला यांत्रिक बाहू टेकवला आणि हिऱ्याची भुकटी बसविलेल्या दातांच्या एका लहानशा चक्राने त्या पाषाणाचा पृष्ठभाग हळूहळू तासावयास प्रारंभ केला. सुमारे तीन तासांच्या परिश्रमानंतर ४५ मिलिमीटर व्यासाची आणि तीन मिलिमीटरांहूनही कमी खोलीची एक वर्तुळाकार खळगी तेथे निर्माण झाली. वरची तांबूस धूळ दूर सरली, आणि कोट्यवधी किलोमीटरांवरून आलेले ते छायाचित्र न्याहाळणाऱ्या शास्त्रज्ञांस आतला जो दगड दिसला तो तांबडा नव्हता, काळसर करड्या रंगाचा होता. अमेरिकेतील एका पर्वतराजीवरून ज्यास त्यांनी 'अ‍ॅडिरॉन्डॅक' असे नाव दिले होते तो हा दगड, ऑलिव्हिन, पायरॉक्सिन, फेल्डस्पार आणि मॅग्नेटाइट या खनिजांचा बनलेला, शुद्ध बेसाल्ट निघाला. वऱ्हाडातला पाथरवट ज्यास नुसता काळा दगड म्हणतो, त्याच कुळातला.

मंगळाविषयी लिहिताना त्याच्या दूरत्वाचे आणि विलक्षणतेचे वर्णन करण्याचा प्रघात आहे, आणि तो अस्थानी आहे असे मी म्हणणार नाही. तेथील वातावरणाचा दाब पृथ्वीवरील दाबाच्या शतांशाहूनही कमी, गुरुत्वाकर्षण येथल्या तिसऱ्या हिश्श्याहून किंचित अधिक, आणि रात्रीची थंडी अशी, की तीत उघडा माणूस तग धरू शकणार नाही. तथापि त्या ग्रहाच्या पृष्ठभागावरून गेल्या पाव शतकात जी हजारो छायाचित्रे आली ती पाहताना माझे मन दूरत्वापेक्षा सादृश्यापाशी वारंवार थबकत आले आहे. ज्याचा जन्म अमरावती-अकोल्याच्या मुलखात झाला, ज्याने गाविलगड आणि नरनाळा हे किल्ले ज्या कातळावर उभे आहेत तो कातळ उन्हात तापलेला आणि पावसात काळाभोर झालेला पाहिला, बाळापूरची मिर्झाराजे जयसिंगांची काळ्या दगडाची छत्री पाहिली, आणि विहीर खणणाऱ्यांच्या तोंडून 'वर मुरूम, खाली मांजऱ्या, त्याखाली पक्का पाषाण' हा भूगर्भाचा तपशील बालपणापासून ऐकला, त्याला मंगळावरील सच्छिद्र खडकांची चित्रे ओळखीची वाटल्यावाचून राहत नाहीत. तप्त रसातील वायूचे बुडबुडे निसटून जाऊन ज्यात पोकळ्या उरल्या असा तो खडक 'स्पिरिट'ने गुसेव्हच्या टेकड्यांमध्ये पाहिला. आमच्याकडे अशाच पोकळ्यांत पुढे झिओलाइटसारखी पांढरी खनिजे भरली आणि त्याला मांजऱ्या हे नाव मिळाले.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या भूमीतून शिलारसाचे जे प्रचंड पूर उसळले आणि एकावर एक थिजत गेले, त्यांनी आज शिल्लक आहे तेवढाच धरला तरी पाच लाख चौरस किलोमीटरांच्या आसपासचा प्रदेश झाकला. चिखलदऱ्याच्या कड्यावर उभे राहून समोरच्या दरीकडे पाहिले असता हे थर पायऱ्यांनी खाली उतरत गेलेले दिसतात. कीचकाची आणि भीमाची कथा सांगणारे स्थानिक वाटाडे त्या दरीला महाभारताचा इतिहास देतात. भूविज्ञान तिला त्याहून फार प्राचीन असा अग्नीचा इतिहास देते, आणि मला त्या दोहोंत विरोध दिसत नाही, कारण दोन्ही वृत्तांत माणसाने समोरचा कातळ लक्षपूर्वक पाहिल्यामुळेच जन्मास आले आहेत.

मंगळावर फिरणाऱ्या यंत्रांची थोरवी माझ्या मते याच लक्षपूर्वक पाहण्यात आहे. त्यांच्या वेगाविषयी सामान्यतः फार मोठी कल्पना केली जाते; वस्तुतः ही वाहने अत्यंत मंद आहेत. ४ जुलै १९९७ रोजी उतरलेले पहिले रोव्हर, 'सोजर्नर', अवघे साडेदहा किलो वजनाचे होते आणि आपल्या साऱ्या आयुष्यात ते शंभर मीटरांच्या आसपास चालले. २०१२ सालच्या ऑगस्टमध्ये गेल विवरात उतरलेले 'क्युरिऑसिटी' ८९९ किलोंचे, आणि १८ फेब्रुवारी २०२१ रोजी जेझेरो विवरात उतरलेले 'पर्सिव्हरन्स' १,०२५ किलोंचे. परंतु या थोरल्या यंत्राचाही सपाट, निर्वेध भूमीवरील कमाल वेग ताशी दीडशे मीटरांच्या जवळपासच आहे. 'ऑपॉर्च्युनिटी' या रोव्हरने चौदा वर्षांहून अधिक काळात जे ४५ किलोमीटर अंतर कापले, आणि जे पृथ्वीबाहेर कोणत्याही चाकाने कापलेले आजवरचे सर्वांत मोठे अंतर गणले गेले, ते अकोल्याहून अकोटास जावे एवढेच भरते. संदेशास तिकडे पोहोचावयास ग्रहांच्या स्थितीप्रमाणे तीन ते बावीस मिनिटे लागतात, म्हणून ते वाहन येथून हाताने हाकता येत नाही. दिवसभराच्या कामाचे हुकूम सकाळी एकदम रवाना करावयाचे, आणि वाटेतला दगड चुकवावा की थांबावे हा निर्णय पुष्कळसा त्या यंत्रावरच सोपवावयाचा, अशी ही वहिवाट आहे. मंगळावरील दिवस आपल्या दिवसाहून सुमारे चाळीस मिनिटांनी मोठा असल्यामुळे, मोहिमेच्या आरंभीच्या महिन्यांत तिच्यावर काम करणारे शास्त्रज्ञ आपली झोप आणि जेवणही परग्रहाच्या घड्याळाप्रमाणे लावून घेतात.

हे सारे वाचताना मला आमच्याच प्रांताच्या जुन्या बंदोबस्ताची आठवण होते. १८५३ च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आले, आणि १८६१ पासून मुंबई इलाख्याच्या पद्धतीने येथील जमिनींची मोजणी व प्रतबंदी सुरू झाली. १८४७ च्या संयुक्त अहवालाने ठरवून दिलेली ती पद्धत अशी, की साखळी टाकून शेत मोजावयाचे, त्याचे भाग पाडावयाचे, प्रत्येक भागात खणून मातीची खोली पाहावयाची, तिचा रंग आणि पोत पाहून तिचा वर्ग ठरवावयाचा, आणि मग चुनखडीचे मिश्रण, वाळू, उतार, पाणी साचणे इत्यादी जे दोष असतील ते चिन्हांनी नकाशावर नमूद करावयाचे. या दप्तरामागे राज्यकर्त्यांचा हेतू महसुलाचा होता, आणि त्या महसुलाच्या ओझ्याखाली पुष्कळ कास्तकार भरडले गेले, हे विसरून चालणार नाही. परंतु उन्हातान्हात शेताच्या प्रत्येक भागात खड्डा घेऊन, हाताने माती चुरून, मगच शेरा लिहिणाऱ्या त्या अनाम कारकुनांच्या पद्धतीविषयी मला आदर आहे. रोव्हरची पद्धत तीच आहे. नजरेच्या टप्प्यातील भूमीची छायाचित्रे घ्यावयाची, त्यांतून एक दगड निवडावयाचा, त्याच्याजवळ जावयाचे, लेसरच्या किरणाने त्याचा सूक्ष्म अंश तापवून त्यातून निघणाऱ्या प्रकाशाचे पृथक्करण करावयाचे, जरूर पडल्यास छिद्र घ्यावयाचे, निघालेले चूर्ण पोटातील प्रयोगशाळेत तपासावयाचे, आणि हे सर्व आकडे पृथ्वीकडे रुजू केल्यावरच पुढचा मुक्काम ठरवावयाचा. परग्रहाच्या संशोधनाचे हे शास्त्र भूमीच्या पाहणीचेच शास्त्र आहे, आणि शेती ज्यांचा पिढीजात व्यवसाय आहे त्या लोकांना ते परके वाटण्याचे काही कारण नाही.

या पाहणीत अपघातालाही स्थान आहे. २००६ साली 'स्पिरिट'चे पुढचे उजवे चाक कायमचे निकामी झाले, तेव्हापासून ते वाहन उलटे, त्या मेलेल्या चाकास आपल्यामागे ओढत चालू लागले. आणि ते चाक, वखराच्या पासेप्रमाणे, मंगळाच्या मातीत एक तास पाडीत गेले. २००७ मध्ये त्या तासाच्या तळाशी शुभ्र माती उघडी पडली. परीक्षणान्ती ती सुमारे ९० टक्के शुद्ध सिलिका असल्याचे आढळले, आणि अशी सिलिका साचावयास उष्ण पाण्याचे झरे अथवा खडकांतून निघणारी वाफ यांपैकी काहीतरी तेथे एके काळी असले पाहिजे, असा निष्कर्ष निघाला. चारही बाजूंनी धुळीने झाकलेल्या त्या प्रदेशात हा पुरावा वरून पाहून कोणासही मिळाला नसता.

आता मी माझ्या मनात सर्वाधिक घर करून राहिलेल्या गोष्टीकडे वळतो. 'क्युरिऑसिटी'ने २०१३ च्या फेब्रुवारीत गेल विवरातील एका सपाट खडकास पहिले छिद्र घेतले, ते सुमारे साडेसहा सेंटिमीटर खोल होते, आणि त्यातून जे चूर्ण बाहेर आले ते पुन्हा करड्या रंगाचे होते. मंगळाचा प्रख्यात तांबडेपणा ही त्याची केवळ त्वचा आहे. हा खडक शिलारसाचा नव्हता. तो एका प्राचीन सरोवराच्या तळाशी साचलेल्या गाळाचा, म्हणजे पंकाश्म होता, आणि त्याच्या घटकांत सुमारे पंचमांश भाग स्मेक्टाइट या जातीच्या मृत्तिकेचा निघाला. बेसाल्ट पाण्यात दीर्घकाळ राहिला, त्या पाण्याची प्रकृती फार आम्ल नसली, तर त्याच्या खनिजांचे विघटन होऊन जी मृत्तिका तयार होते ती ही. पुढे २०२१ साली त्याच रोव्हरला, डोंगर चढत असता, एका थरात षट्कोनी भेगांची जाळी अश्मीभूत झालेली आढळली. आणि चिखल एकदाच वाळला तर अशी जाळी बनत नाही, पुनःपुन्हा भिजला आणि पुनःपुन्हा वाळला तरच भेगांचे सांधे षट्कोनी होत जातात, असे प्रतिपादन करणारा शोधनिबंध २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. मंगळावर पाणी होते एवढेच नव्हे, तर तेथे कोरडे आणि ओले असे ऋतूंसारखे काही आवर्तन होते, याची ती पहिली ठोस साक्ष मानली जाते.

वऱ्हाडच्या वाचकास याहून अधिक सांगावयाची आवश्यकता आहे काय? ज्या काळ्या मातीवर आमचा कापूस, आमची ज्वारी, आमची तूर उभी राहिली, ती माती म्हणजे हीच स्मेक्टाइट मृत्तिका, आणि तिची जननी हाच बेसाल्ट. पावसाळ्यात पाणी पिऊन ती फुगते, चिकट होते, पायास धरून ठेवते. वैशाखात ती आकसते आणि तिला अशा भेगा पडतात, की त्यांत हात कोपरापर्यंत सहज जावा. वरची भुसभुशीत माती त्या भेगांतून खाली उतरते, पुढच्या पावसात तळची माती फुगून वर रेटली जाते, आणि अशा रीतीने ही भूमी स्वतःला आतून ढवळीत राहते. दर्यापूर किंवा मूर्तिजापूरच्या बाजूला उन्हाळ्यातल्या उघड्या रानात उभे राहून पायाखालची ती भेगांची जाळी पाहिली, आणि मग मंगळावरील त्या थराचे छायाचित्र पाहिले, की साडेतीनशे कोटी वर्षांचे आणि दोन ग्रहांमधील अंतराचे व्यवधान असूनही, दोन्ही ठिकाणी एकच भौतिक व्यवहार घडला आहे हे ध्यानी येते. भेद आहे तो पुढच्या इतिहासात. तेथे पाणी आटले, वातावरण विरळ होत गेले, आणि चिखलाचा दगड झाला. येथे पाऊस येत राहिला. मुळे खोल गेली, जिवाणूंनी आणि कृमींनी कातळाच्या चुऱ्यास कस आणला, आणि दगडाची माती झाली. काळ्या पाषाणाला जी दोन भवितव्ये असू शकतात त्यांपैकी एक मंगळाच्या वाट्याला आले व दुसरे आमच्या. आणि आमच्या वाट्याला आलेले किती दुर्मीळ आहे, हे मला प्रथम एका यंत्राने पाठविलेल्या छायाचित्रांनी शिकविले. ज्ञात विश्वात बेसाल्ट विपुल आहे; चंद्राच्या काळ्या डागांत तो आहे, मंगळावर आहे, शुक्रावरही तोच असल्याचे मानले जाते. काळी कसदार माती मात्र, आजवरच्या शोधात, पृथ्वीवाचून कोठेही आढळलेली नाही. तिचा वरचा थर दर पावसाळ्यात नाल्यांतून वाहून जाताना आम्ही ज्या उदासीनतेने पाहतो ती उदासीनता मला आता सहन होत नाही.

मातीबरोबर क्षारांचीही कथा आहे. पूर्णेच्या खोऱ्यात, दर्यापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर अशा तालुक्यांतून पसरलेला जो खारपाणपट्टा, तेथील विहिरींना पाणी लागते, परंतु ते पिण्याच्या कामी येत नाही, ओलिताच्याही येत नाही. कारण नदीने आणलेल्या खोल गाळात सोडियमचे क्षार साठून आहेत आणि त्या चिकण गाळातून पाण्याचा निचरा होत नाही. तेथला शेतकरी पावसाच्या आणि जमिनीत मुरलेल्या ओलीच्या भरवशावर हरभरा काढतो. त्या पट्ट्यातील आमच्या आप्तांच्या घरी पाहुण्याच्या हातात पाण्याचा तांब्या देताना 'गोड आहे' असे सांगण्याची रीत होती, आणि त्या दोन शब्दांत केवढे आतिथ्य सामावलेले असे ते बाहेरच्यास कळणे कठीण आहे. 'ऑपॉर्च्युनिटी' ज्या मैदानात उतरले तेथेही प्रथम सापडले ते क्षारच: गंधकाम्लाचे, म्हणजे सल्फेटचे क्षार, त्यांत जारोसाइट नावाचे खनिज, आणि हेमॅटाइटच्या असंख्य वाटोळ्या गोळ्या. पाणी गेले तरी ते आपला दाखला क्षारांच्या रूपाने मागे ठेवते, आणि तो दाखला वाचून त्या पाण्याची प्रकृती सांगता येते. मेरिडिआनीच्या त्या मैदानातील पाणी आम्ल आणि खारट होते, गेल विवरातील सरोवराचे त्या मानाने सौम्य होते. एकाच ग्रहावर, एका तालुक्यातून दुसऱ्या तालुक्यात जावे तसा, पाण्याचा स्वभाव बदलत होता.

वऱ्हाडात असे एक स्थळ आहे की जेथे हे सर्व, पाषाण, आघात, क्षार आणि पाणी, एकत्र पाहावयास मिळते. अकोल्याहून पातूर, मालेगाव या मार्गाने मेहकर गाठून पुढे गेले की बुलढाणा जिल्ह्यातील लोणार लागते. दैत्यसूदनाच्या रूपाने विष्णूने लवणासुराचा वध केला तो येथेच, अशी पुराणकथा आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फझलने 'ऐन-ए-अकबरी'त वऱ्हाड सुभ्याचे वर्णन करताना या सरोवराची नोंद घेतली, ती तेथून काच आणि साबण यांस लागणारे द्रव्य निघते व त्यापासून चांगला महसूल येतो म्हणून. १८२३ मध्ये अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने त्याचे वृत्त दिले. १८९६ मध्ये अमेरिकेतील भूवैज्ञानिक गिल्बर्ट यांनी अ‍ॅरिझोनातील प्रसिद्ध विवराची चर्चा करताना लोणारशी त्याची तुलना केली, परंतु दीर्घकाळ बहुतेक विद्वानांचे मत हे ज्वालामुखीचे मुख आहे असेच राहिले. १९७३ साली फ्रेडरिक्सन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम् या चौघांनी 'सायन्स' या नियतकालिकातून, विवराच्या तळाशी घेतलेल्या छिद्रांतील खडकांच्या आधारे, ते अशनीच्या आघातानेच निर्माण झाल्याचे निर्णायकपणे दाखवून दिले. तो पुरावा होता मॅस्केलिनाइट नामक काचेचा. प्रचंड आघाताच्या दाबाखाली फेल्डस्पारचा स्फटिक न वितळताच आपली घडण गमावून काच बनतो, ती ही.

आणि येथे इतिहासाचा एक विलक्षण योग आहे. हे मॅस्केलिनाइट मुळात ज्या दगडात प्रथम ओळखले गेले तो २५ ऑगस्ट १८६५ रोजी बिहारमधील शेरघाटी गावी आकाशातून पडला होता. आणि त्यानंतर शंभरावर वर्षांनी, त्याच जातीच्या एका अशनीत कोंडलेल्या वायूंचे प्रमाण मंगळाच्या वातावरणाशी तंतोतंत जुळले, तेव्हा निश्चित झाले की तो शेरघाटीचा दगड मंगळाचाच तुकडा होता. म्हणजे मंगळाच्या बेसाल्टला बसलेल्या धक्क्याची जी खूण बिहारात सापडली, तीच खूण आमच्या बेसाल्टला बसलेल्या धक्क्याने लोणारात उमटलेली आहे. पृथ्वीवर आघाताने बनलेली विवरे बरीच आहेत, परंतु त्यांतील बहुतेक ग्रॅनाइटच्या वा गाळाच्या खडकांत आहेत. निव्वळ बेसाल्टमध्ये कोरलेली फारच थोडी, आणि त्यांत सुमारे १,८०० मीटर व्यासाचे, दीडशे मीटर खोल असे लोणार सर्वांत सुस्थितीत राहिलेले आहे. म्हणूनच मंगळावरील विवरांभोवती उधळलेला खडक कसा पसरला असेल, आघाताने विद्ध झालेला बेसाल्ट उपकरणांना कसा दिसेल, हे जाणण्यासाठी देशोदेशीचे संशोधक लोणारच्या काठावर येऊन नमुने घेत आले आहेत. आणि मंगळाच्या उत्तर भागातील एका विवरास 'लोणार' हेच नाव देण्यात आले आहे. आमच्या लोणारच्या विवराचे वय पूर्वी सुमारे ५२ हजार वर्षे मानीत असत. पुढे आर्गॉनच्या समस्थानिकांवरून केलेल्या मापनाने ते ५ लाख ७० हजार वर्षांच्या आसपास गेले, आणि मला हे दुसरे मापन अधिक विश्वसनीय वाटते. २०२० च्या जूनमध्ये सरोवराचे पाणी एकाएकी गुलाबी झाले, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्याचे कारण क्षारप्रिय सूक्ष्म जीवांत शोधले. त्याच वर्षी नोव्हेंबरात लोणारचा रामसर स्थळांत समावेश झाला. अत्यंत खारट आणि अल्कधर्मी अशा त्या पाण्यातही जीवन तग धरून आहे, ही गोष्ट मंगळाच्या आटलेल्या सरोवरांचा विचार करणाऱ्यास साधी नाही.

आपल्या देशाचे चाक अद्याप मंगळावर टेकलेले नाही. 'मंगळयान' २४ सप्टेंबर २०१४ रोजी त्या ग्रहाच्या कक्षेत पोहोचले आणि वरूनच पाहत राहिले. परंतु २३ ऑगस्ट २०२३ च्या सायंकाळी चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडील प्रदेशात उतरले, आणि २६ किलोंचे 'प्रज्ञान' रोव्हर त्याच्या पोटातून बाहेर येऊन सुमारे शंभर मीटर चालले. वाटेत सुमारे चार मीटर व्यासाचा एक खड्डा आला तेव्हा त्यास मागे फिरवून दुसऱ्या मार्गाने नेण्यात आले. त्या अल्प प्रवासात त्याने तेथील मातीत गंधकाचे अस्तित्व नोंदविले, आणि अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेच्या उपकरणाने त्या मातीच्या घटकांची ठिकठिकाणी मापने घेतली. त्या यानासाठी खामगावहून चांदीचे भाग आणि उष्णतारोधक कापड गेल्याचे वृत्त वऱ्हाडातील वर्तमानपत्रांनी छापले, तेव्हा खामगावच्या चांदीबाजाराची ख्याती ठाऊक असलेल्या आम्हा सर्वांना जो आनंद झाला तो निर्मळ होता.

'ऑपॉर्च्युनिटी'च्या अखेरीविषयी एक गोष्ट नमूद करणे मला आवश्यक वाटते. २०१८ च्या उन्हाळ्यात मंगळास वेढून टाकणारे धुळीचे वादळ उठले, सौर तावदानांवर प्रकाश पोहोचेनासा झाला, आणि १० जूनला त्या रोव्हरचा शेवटचा संदेश आला. त्यानंतर हजाराहून अधिक हाका घालूनही उत्तर न मिळाल्यामुळे १३ फेब्रुवारी २०१९ रोजी मोहीम संपल्याचे जाहीर झाले. त्या शेवटच्या संदेशास पुढे लोकांनी एका करुण वाक्याचे रूप दिले आणि ते वाक्य जगभर फिरले. यंत्राने प्रत्यक्षात पाठविले होते ते विजेच्या पातळीचे आणि आकाशाच्या अपारदर्शकतेचे आकडे. मला ते आकडे त्या वाक्याहून अधिक हृदयस्पर्शी वाटतात. नव्वद दिवसांच्या मुदतीवर पाठविलेला एक चाकर चौदा वर्षांनंतर अंधारात सापडला असताही आपल्या कर्तव्याचे मापन अचूक लिहून पाठवितो, याला शोकगीताची जोड देण्याची गरज नाही. असाच संयम सध्या 'पर्सिव्हरन्स'च्या बाबतीत शास्त्रज्ञ पाळीत आहेत. त्याने एका प्राचीन नदीपात्रातील पंकाश्मावर जे ठिपके पाहिले, ते सूक्ष्म जीवांच्या व्यवहाराने उमटलेले असू शकतील असे सप्टेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध करण्यात आले. परंतु निर्जीव रसायनक्रियेने तसे ठिपके उमटण्याची शक्यता जोवर बाद होत नाही तोवर शेवटचा शेरा राखून ठेवण्यात आला आहे. त्या दगडाचा नमुना नळीत बंद होऊन रोव्हरजवळ आहे, आणि तो पृथ्वीवर केव्हा व कसा आणावयाचा हा प्रश्न अनिर्णीत आहे.

अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतील शाळा-महाविद्यालयांच्या चालकांस माझी एक विनंती आहे. पाषाण, मांजऱ्या, मुरूम, काळी माती आणि खारपाणपट्ट्यातली क्षारयुक्त माती, असे पाच नमुने एका लाकडी तबकात मांडून, त्यांच्याशेजारी 'क्युरिऑसिटी'ने पाठविलेले भेगांचे छायाचित्र लावावे. याला कोणताही मोठा खर्च येत नाही, आणि पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठासारखी मातीचे शास्त्र जाणणारी संस्था अकोल्यातच असल्यामुळे विचारपूसही दूर करावी लागत नाही. वर्षातून एकदा मुलांना लोणारास न्यावे, आणि देवळांबरोबर तेथला दगडही दाखवावा. लोणार हे अभयारण्य आहे; म्हणून तो दगड जागच्या जागी, भिंगाने पाहावा, उचलून आणू नये.